मास्तरांनी सांगितलेली लाईन

मास्तर, तुमची तब्येत कशी आहे? गेलेल्या माणसाला हे विचारायचं असतं की नाही, मला ठाऊक नाही. पण विचारल्याशिवाय पुढची ओळ सुचत नाही. तुमची कंबर आता धरत नसेल असं समजतो. तुमच्या बाईंचा दमा कसा आहे? तिकडं आपल्या सोलापूरसारखा फुफाटा नसणार, तेव्हा त्यांना आराम पडला असेल. आपल्या मैदानावरचे माळीबुवा काय म्हणतात? जन्मभर वाळूला तेल पाजलं त्यांनी. आता तरी बसून खातात, की तिथलीही जमीन फळी ओढून सारखी करत असतात? माझी आई कुठं दिसली तर तिचे गुडघे विचारा, आणि मी वेळेवर जेवतो म्हणून सांगा, म्हणजे ती गप बसेल. इकडं माझी साखर ताब्यात आहे. सूनबाईची मान अधूनमधून आखडते. आमच्या हिला ऐकू कमी येतं, पण मी हळू पुटपुटलेलं तेवढं बरोबर ऐकू येतं. आत्ताच दारातून विचारून गेली, "कुणाला लिवताय?" म्हटलं, मास्तरांना. म्हणाली, "लिवा की. जित्या माणसांला तर कवा दोन ओळी लिवल्या न्हाईत तुमी." जेऊरकडची माणसं, मास्तर, साठ वर्षं शहरात काढली तरी जिभेची धार जात नाही.

लिहायला बसलो त्याला कारण आहे. तुम्हाला जाऊन वर्षं लोटली, पण आपल्या मैदानावर तुमच्या नावानं एक गोष्ट अजून चालते, की मास्तर एवढे जाणकार, पण शेवटच्या सामन्यात लाईन चुकले. तो आळ मी घातलेला नाही. पण काढायचा होता तो मीच, आणि मी काढला नाही.

आधी चांगलं लिहितो. गिरणीत मी वायरमन आणि तुम्ही विणकाम खात्याचे मास्तर. तुमचं माझं काम तसं पडायचं नाही. गिरणीमागच्या मैदानावरच्या पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर जळाला म्हणून मला बोलावलं, आणि तिथं तुम्ही पांढरा शर्ट, धोतर आणि कॅनव्हासचे बूट अशा थाटात गोल्फ खेळत होता. मला वाटलं, साहेबलोकांचं खूळ या पद्मशाली विणकराच्या डोक्यात कुठून शिरलं? तुम्ही माझ्याकडं न बघताच म्हणालात, "हसतो काय बे? एक मारून बघ की." मी पान्हा खाली ठेवला आणि मारलं. चेंडू जागचा हलला नाही, मुरूम मात्र तुमच्या शर्टावर उडाला. तुम्ही शर्ट झटकलात आणि म्हणालात, "चांगलं हाय. जमिनीला लागलं म्हंजे नेम खाली हाय. आता वर आण." चाळिशी ओलांडलेल्या माणसाला असं कुणी शिकवतं का? त्या दिवसापासून मी तुमचा झालो.

आपलं मैदान म्हणजे काय, ते इथं नवीन आलेल्यांना सांगावं लागतं. गवताचं पातं नाही. मुरूम, कडेनं वेड्या बाभळी, आणि खड्ड्याभोवती जिथं मोठ्या शहरांत हिरवळ असते, तिथं आपल्याकडं जळकं तेल मुरवलेली वाळू. तिला आपण ब्राऊन म्हणतो. फळी ओढून ती सारखी केली की चेंडू तिच्यावरून कापडावरून धावावा तसा धावतो. ही वाळू वाचावी तर तुम्हीच. तुम्ही गुडघ्यावर बसायचात, इकडून बघायचात, पलीकडून बघायचात आणि "डावीकडं चार बोटं" एवढंच सांगायचात, हीच तुमची लाईन. सांगितलं तसं मारलं की चेंडू गपकन आत. लोक म्हणायचे, मास्तरांना वाळूचा उतार कळत नाही, वाळू स्वतः त्यांच्या कानात सांगते. तुम्ही म्हणायचात, "काय न्हाय बे. तीस वर्षं कापडाचा ताण बघतोय. जमीन पण कापडच की."

आणि चेंडूचा तुमचा हट्ट! मला तो सुरुवातीला डोकेदुखीच वाटायचा. बाभळीत हरवलेले चेंडू शोधायचे आणि सापडेल तो मारायचा, अशी आमची सगळ्यांची रीत. कठीण, मऊ, पिवळा, पांढरा, चिरलेला, सगळे माझ्या खिशात खुळखुळत असायचे. एकदा चहाच्या टेबलावर तुम्ही माझा खिसा उलटा केलात. सगळ्यांसमोर. "भाजी मंडई हाय का बे ही? मागाच्या एका बीमावर चार लॉटचं सूत कधी चढवलंय का आपण? विणताना दिसत न्हाय, पण चादर धुतली की पट्टा दिसतोच." मला राग आला. मी म्हणालो, "मास्तर, मोठे खेळाडू एकच चेंडू वापरतात ते ठीक. आपण हौशी. आपल्या हाताला काय कळणार आहे त्यातलं?" तुम्ही कपातला उरलेला चहा संपवलात, सावकाश, आणि मग बोललात. ते बोलणं मी आजपर्यंत शेकडो वेळा मनात घोळवलंय. "मोठ्या खेळाडूला धा चेंडू दिले तरी त्याचा हात एकच असतो. आपला हात रोज नवा. आज भ्यालेला, उद्या माजलेला. मग चेंडू तरी एक ठेव. म्हंजे चुकलं तर कोण चुकलं, ते कळतं."

त्यानंतर महिनाभर तुम्ही त्या विषयावर अक्षर काढलं नाहीत. मग एका रविवारी घरी बोलावलंत. बाईंनी चिंचेचा भात केला होता. मी तिसऱ्यांदा नको म्हणालो तेव्हा त्यांनी चौथ्यांदा वाढला. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक टोपली होती आणि तीत सहा चेंडू, सगळे एका जातीचे, साधे, कठीण. तुम्ही महिनाभर संध्याकाळी बाभळीत फिरून, काटे खाऊन, एकेक गोळा केला होता. रिठ्यानं धुतले होते, आणि प्रत्येकावर चादरीच्या लाल रंगाचा एक ठिपका. तुमच्या हातांवर ओरखडे दिसत होते. "घे बे. ह्ये संपले की मग बोलू," एवढंच म्हणालात. मला आयुष्यात घड्याळ मिळालं, शाल मिळाली, निवृत्तीला चांदीची वाटी मिळाली. पण त्या टोपलीची सर कशालाच नाही.

आता तो सामना. सकाळची वेळ आहे, आठ होल झालेत, आणि तुमची माझी जोडी एका कारखान्याच्या दोन साहेबांच्या बरोबरीत आहे. प्रत्येकानं आपापला चेंडू खेळायचा, जोडीतला चांगला आकडा धरायचा. शेवटपर्यंत बरोबरी राहिली तर ढाल गेल्या वर्षीच्या विजेत्यांकडं, म्हणजे साहेबांकडंच राहणार. नवव्या, शेवटच्या होलच्या सुरुवातीला माझ्या खिशात दोन चेंडू आहेत. एक तुमच्या टोपलीतला, मुरूम खाऊन खरबरीत झालेला. दुसरा जावईबापूंनी बंगळूरहून आणलेल्या डबीतला, लोण्यासारखा मऊ, कोरा. नियमाला धरून होतं ते, नवीन होलला चेंडू बदलायला आपल्याकडं कुणाची ना नव्हती. पण तुम्हाला कळू नये म्हणून त्याच्यावर आदल्या दिवशीच घरी मी लाल ठिपका काढून ठेवला होता, मास्तर. यावरून काय ते समजा.

तुमचा चेंडू बाभळीत गेला तो गेलाच. माझा ब्राऊनवर आला, खड्ड्यापासून सात-आठ पावलांवर. आत गेला तर ढाल आपली. तुम्ही गुडघ्यावर बसलात. उठलात, पलीकडं गेलात, पुन्हा बसलात. "डावीकडं एक वीत. आणि भिऊ नको, दणकून मार." मी मारलं. चेंडू निघाला, अर्ध्या वाटेत मंदावला, उजवीकडं घरंगळला आणि खड्ड्याच्या खाली वीतभर अंतरावर थांबला. कुणीतरी "अरेरे" म्हणालं. मी चेंडू चटकन उचलून खिशात टाकला. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "पोराची चूक न्हाय. माझी नजर चुकली. दोन वीत सांगायला पायजे हुतं." मी पंचावन्न वर्षांचा होतो तेव्हा. पोर म्हणालात मला.

मी गप्प बसलो. त्या क्षणी बोललो असतो तर तिथल्या तिथं मिटलं असतं. पण तुम्ही ते मनाला लावून घेतलंत. डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलात. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानानं उत्तम आहेत. तुम्ही मला सांगितलंत, "त्याला काय कळतंय? त्यानं कधी ब्राऊन वाचलाय?" आपण दोघं हसलो. मी जरा जास्तच मोठ्यानं हसलो. पुढं कुणी लाईन विचारली की तुम्ही हात जोडायला लागलात. मग रविवारीही येईनासे झालात. एकदा घरी आलो तर बाई तुमच्या पटरनं, म्हणजे ब्राऊनवर चेंडू ढकलायच्या काठीनं, अंगणातल्या चिंचा पाडत होत्या. "असू दे की हो, तेवढा तरी उपयोग," म्हणाल्या. तुम्ही ओसरीवर बसून बघत होता, जणू दुसऱ्या कुणाचा पटर आहे. तेव्हाही जीभ रेटली नाही.

परवाच्या रविवारी चहाच्या वेळी हाच विषय निघाला. आता आपल्याकडं नवी मंडळी येतात. एक दातांचे डॉक्टर आहेत, एक कॉलेजात शिकवणाऱ्या बाई आहेत. डॉक्टर म्हणाले, "काका, हौशी माणसानं एकाच जातीचा चेंडू धरून बसावं, यात काय अर्थ आहे? सापडेल तो मारावा." कॉलेजच्या बाई म्हणाल्या, "मला तर चेंडू बदलला की अंतराचा अंदाजच येत नाही. मी एकच वापरते." जुन्यांतला एक जण मधेच हसत म्हणाला, "मास्तर पण एकच चेंडूवाले की. पण शेवटच्या फटक्याला लाईन चुकलेच ना?" मी हातातला कप खाली ठेवला. मी म्हणालो, "मास्तर चुकले नव्हते. लाईन बरोबर होती. मी त्यांना न सांगता चेंडू बदलला होता. मऊ चेंडू आपल्या वाळूवर धावलाच नाही." मग तो जुना माणूस उठला, वर बघून हात जोडून म्हणाला, "मास्तर, माफ करा बे." डॉक्टरांनी तिथल्या तिथं फोनवरून एका जातीचे डझनभर चेंडू मागवले. मला वाटलं, फिटलं. घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पण फिटलं नाही, मास्तर. तुम्ही गेल्यावर दुसऱ्या वर्षी मी एकटाच मैदानावर गेलो होतो. माळीबुवा तेव्हा होते. त्यांच्याकडून नवव्याचा ब्राऊन फळीनं सारखा करून घेतला. जावयाच्या डबीतले दोन मऊ चेंडू उरले होते. त्याच जागी ठेवले. डावीकडं एक वीत धरली, आणि तुम्ही म्हणाला होतात तसं दणकून मारलं. पहिला आत गेला. दुसराही गेला. मी तिथंच मुरमावर बसलो. माळीबुवांनी विचारलं, "ऊन लागलं का वायरमन?" मी व्हय म्हणालो.

तुमची लाईन बरोबर होती, आणि चेंडूचाही काही दोष नव्हता. त्या दिवशी माझा हात भ्याला होता. हे मला इतकी वर्षं ठाऊक आहे, आणि तरी परवा चारचौघांत कबुली द्यायची वेळ आली तेव्हा मी चेंडूला पुढं केलं. चेंडू बदलला असं सांगायला लाज थोडी वाटते. भ्यालो असं सांगायला जास्त वाटते. आता माझ्या अर्धवट खऱ्यावर विश्वास ठेवून तो डॉक्टर एकाच जातीचे चेंडू मारत बसणार. तुमचं म्हणणं खरं ठरलं म्हणून मी खूश व्हावं, तर ते माझ्या खोट्याच्या आधारावर ठरलंय.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी धीर झाला असता असं वाटत नाही. पण तुमचं जमलं तर मला दोन ओळी लिहा. हाताचं सांगून टाकू का, की एवढं पुरे, ते कळवा. तुम्ही म्हणाल तसं करीन. मात्र लवकर लिहा, मास्तर. रविवारी पुन्हा सगळे चहाला जमतील, आणि तुमचं उत्तर आलं नाही तर मी पुन्हा गप्प बसेन, मला माझा स्वभाव माहीत आहे.