बिनचिठ्ठीचे मिक्सर

प्रिय ठमे,

आठ महिने तुझ्या आत्याने मला खाऊ घालून घालून पुरता गुटगुटीत केलाय. आता जिना चढताना धाप लागत नाही. डॉक्टरांनीही कालच कामावर जायला परवानगी दिली. सोमवारी घरी येतोय.

इथे बसल्या बसल्या दुकान आठवतं आणि आधी लाजच वाटते. तीस वर्षं लोकांचे मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्त केले, पण एकाही वस्तूला कधी नावाची चिठ्ठी लावली नाही. कुणाचं काय, ते सगळं माझ्या डोक्यात. केवढा तोरा होता मला त्याचा! मग साथ आली, मी दवाखान्यात पडलो, तोंडाला नळ्या लागल्या, आणि फळीवरचे त्रेचाळीस मिक्सर अनाथ झाले. गिऱ्हाइकं घरात अडकलेली आणि मालकाची बोलती बंद.

तू एकेकाचा फोटो काढून दुकानाच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर धाडलास, ओळखा पाहू म्हणून. एकाच मिक्सरवर दोन बायकांनी हक्क सांगितला आणि झाकणाच्या चिरेवरून तू निवाडा केलास. माझ्या नळ्या निघाल्यावर आपल्या दुकानात मोटारींचं वाइंडिंग करणाऱ्या काकांनी हे फोनवर सांगितलं, तेव्हा मी इतका हसलो की नर्स धावत आली.

मग तू प्रत्येक वस्तूला मालकाचं नाव, बिघाड आणि झालेलं काम लिहिलेलं कार्ड बांधलंस. चार कारागिरांच्या दोन पाळ्या केल्यास, एकमेकांची गाठच पडणार नाही अशा. सकाळच्यांनी अर्धवट सोडलेलं काम दुपारचे कार्ड वाचून पुरं करायचे. सकाळची जोडी आजारी पडली तरी दुकान उघडं राहिलं. व्हिडिओ कॉलवर बघून तू लोकांना प्लगची सुटलेली तार घरीच जोडायला शिकवायला लागलीस, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. ही पोरगी दुकानाला टाळं लावणार, म्हणून आत्याचं डोकं खाल्लं. पण तीच माणसं पुढे मोठी कामं घेऊन आपल्याकडेच आली. गल्लीतली तीन दुकानं बंद पडली, आपलं चालू आहे, आणि चौघंही कामावर आहेत. हे मी तुला एकदाही बोलून दाखवलं नाही, कसला खडूस मी! आता सांगतो, ठमे, मला तुझा फार फार अभिमान वाटतो.

सकाळी काकांचा फोन आला. तू माझं टेबल पुसून ठेवलंयस म्हणे, स्वतःचं सामान पिशवीत भरलंयस आणि सगळ्यांना सांगितलंयस की बाबा आले की पुन्हा पूर्वीसारखं. पूर्वीसारखं नकोच आहे मला. तोंडावर सांगायला गेलो तर तू वाद घालशील आणि मी रडेन, म्हणून हे पत्र. पिशवी रिकामी कर. ते टेबल तुझं. मला दुपारच्या पाळीत कारागीर म्हणून घे. चुकलो तर बाकीच्यांसारखं मलाही झाप. हा माझा नोकरीचा अर्ज समज. अनुभव भरपूर आहे, वळण तेवढं लावावं लागेल.

तुझाच,
उमेदवार बाबा