महिन्याची सर्वोत्तम कामगार

प्रिय तार्हेलिया,

आता तुला मॅडम म्हणायचं की कोमाद्रे, तेच कळेना झालंय. तुझ्या आंद्रेसच्या बाप्तिस्म्याला त्याची धर्ममाता म्हणून मीच त्याला हातात धरलं होतं आणि तो माझ्या एकुलत्या एका चांगल्या शालीवर मुतला होता, म्हणून त्या नात्यानं कोमाद्रेच म्हणते. मॅडमला असलं काही सांगता आलं नसतं. माझी शाळा गावातली, तीही बाईंची गाय हरवली की बंद. चुका दिसल्या तर हसून घे.

तू सुपरवायझर झालीस तशी गुलाब बांधायच्या आपल्या टेबलावरची तुझी जागा रिकामीच आहे. जेवणाच्या सुट्टीत तिथं कुणी बसत नाही. उकडलेला मका मध्ये ठेवून आम्ही खातो, आणि तू त्या काचेच्या खोलीत एकटी, पुढ्यात ते जाड पुस्तक. दर शनिवारी कंपनी तुला कीतो शहरात शिकायला पाठवते, माणसं कामावर कशी वागतात ते. परवा मी म्हटलं, अगं, जन्मभर आमच्यात बसलीस आणि आता आम्ही कशा वागतो ते पुस्तकात शोधतेस होय? तू हसली नाहीस. नार्सिसा मला कोपरानं ढोसून म्हणाली, "गप्प बस गं म्हातारे, टेबलावरच्या बायकांशी हसायचं नाही असा नियम असेल त्यांना." ते खरं असेल तर वाईट, आणि तसा नियमच नसेल तर त्याहून वाईट.

ते भिंतीवर फोटो लावायचं पण त्या पुस्तकातलंच ना? 'महिन्याची सर्वोत्तम कामगार', आणि खाली मी, पोलिसांनी धरून आणल्यासारखी. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "एतेल्विनाबाई या वयात एवढ्या जुड्या बांधतात, मग तुम्हा तरण्या पोरींना काय धाड भरलीय?" पोरी खाली मान घालून हसल्या. तुला वाटलं लाजल्या.

तार्हेलिया, माझी बोटं गेली गं. त्या थंडगार खोलीत गुलाब निवडून निवडून सांधे सुजलेत. सकाळी पोलक्याचं बटण लावायला शेजारणीला हाक मारावी लागते. म्हणून फोटो लागला तेव्हा मला आधी वाटलं, माझा सेगुंदोच स्वर्गातून मदत करतोय. मग म्हटलं, शक्यच नाही, जिवंतपणी त्या माणसानं स्वतःचं ताट उचललं नाही, मेल्यावर काय गुलाब बांधतोय!

मग एकदा पाहिलं. माझ्या नावाच्या चिठ्ठ्यांची गुंडाळी टेबलावर असते ना, जिच्यावरून माझ्या जुड्या मोजतात, शेजारच्या लिगियानं त्यातली एक फाडली आणि स्वतः बांधलेल्या जुडीवर चिकटवली. जराशानं आणखी एक. उठून पाणी प्यायला गेले, परत आले तर नार्सिसाचा हात त्याच गुंडाळीवर. कुणी कुणाला सांगितलेलं नाही. जिला तिला वाटतं, म्हातारीला आपण एकटीच सांभाळतोय. सगळ्यांचं मिळून इतकं झालं की मी पहिली आले! हसूच येतं. काम सुटू नये म्हणून मी हे कुणाला बोलले नाही. घरी माझी वाट बघणारं कोण आहे? एक कोंबडी, तीही अंडी देत नाही.

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. आता फेब्रुवारीचा तो प्रेमिकांचा सण सरला, परदेशच्या मागण्या थांबल्या आणि माणसं कमी करायची वेळ आली. टेबलावर बातमी आहे की सोमवारी तू लिगियाला बोलावणार, कारण फळ्यावर तिचा आकडा सगळ्यात खाली. आकडा खालीच असणार. नवीन आली तेव्हा मी तिला बटाट्याचं पोतं म्हणायचे, काटे कसे धरायचे ते शिकवायचे, म्हणून सगळ्यात जास्त जुड्या तीच मला देते. आपल्या टेबलावर तिच्याइतका चपळ हात कुणाचा नाही. तिचं लेकरू अजून अंगावर पितंय आणि नवरा कामासाठी उत्तरेला, अमेरिकेला गेला तो गेलाच, निरोप नाही. तरी काल तिनं माझी चिठ्ठी फाडलीच.

हे तोंडावर सांगायला आले असते तर मी चेष्टा करत बसले असते आणि सांगायचं राहून गेलं असतं, म्हणून लिहिलं. सोमवारी लिगियाला बोलावू नकोस, मला बोलाव. पोरींनी काय केलं ते वर साहेबांना कळू देऊ नकोस. म्हातारी थकली, एवढंच सांग. आणि रविवारी मला समजवायला घरी येऊ नकोस, कोमाद्रे. तू दारात येऊन 'कामावर राहा' म्हणालीस, तर मी राहीन.

तुझीच,
एतेल्विना