चालत नऊ मिनिटं

१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ८.
नवी जागा. पहिला मजला, दोन खोल्या, एक खिडकी रस्त्यावर. गावाबाहेरचं घर विकलं. दोन्ही गाड्या विकल्या. त्यातली एक अंगणात उभी असायची, तिची किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर सापडली नाही, नवी करून द्यावी लागली. ड्रायव्हिंग स्कूल जुन्या असिस्टंटच्या हवाली केलं. एकतीस वर्षं लोकांना गाडी शिकवली, आता आपण पायी.

अशा वस्तीला 'वॉकेबल' म्हणतात. सगळं चालत. घड्याळ लावून मोजलं. औषधाचं दुकान ३ मिनिटं. बेकरी ४. न्हावी ६. लायब्ररी ८. लायब्ररीमागच्या गल्लीतलं मोठ्या मेहुणीचं घर ९. शेवटचं फक्त तक्ता पूर्ण व्हावा म्हणून.

जागा बदलण्याचं कारण: कोलेस्टेरॉल.

बायको ऑक्टोबरपासून त्या मेहुणीकडे, म्हणजे तिच्या ताईकडे आहे. थोडे दिवस म्हणून गेली. जाताना दोन मोठ्या बॅगा आणि शिलाई मशीन नेलं, पण बायकांना थोड्या दिवसांनाही सामान लागतं. कारण उघड आहे. जुन्या घरापासून सगळ्यात जवळचं दुकान बारा किलोमीटर. साधी काडेपेटी हवी तरी मला सांगायचं, मग मी संध्याकाळी आणायचो किंवा विसरायचो. कोणीही कंटाळेल. तो प्रश्नच आता मुळापासून उपटला आहे. एप्रिलअखेर ही इथे असेल. कपाटाची उजवी बाजू रिकामी ठेवली आहे.

घाई करायची नाही. आपणहून त्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही.

१ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.
त्या गल्लीत जाऊन आलो. सकाळी मिनिटं घाईत मोजली होती. नऊच.

३ फेब्रुवारी, सोमवार.
तोटा: जे विकत घेतो ते उचलावं लागतं. हे कोणी सांगितलं नव्हतं. बेकरीशेजारच्या दुकानातून दहा किलो पीठ आणि सहा लिटर पाणी घेतलं. चार मिनिटांच्या रस्त्याला एकोणीस लागली. वाटेत तीन बाकांवर बसलो. तिसऱ्या बाकावर एक आजोबा होते. त्यांनी विचारलं, इथे पाणी नळाला येत नाही का? नुकताच आलोय म्हटलं.

फायदा: बाक चांगले आहेत.

५ फेब्रुवारी, बुधवार.
चालताना कोणी आडवं आलं की उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो. धंद्याची सवय. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटलाही ब्रेक असतो, एकतीस वर्षं पाय त्यावरच होता. चांभाराने बूट उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला की डावा नव्यासारखा आहे, उजव्याचा चवडा तेवढा झिजलाय, तुम्ही लंगडता का? मी म्हटलं, नाही, मी काळजी घेतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
लेकीचा फोन. तिने विचारलं, आईला सांगितलंत का तिथे राहायला आलात ते? सरप्राइज आहे म्हटलं. तिने ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग जेवण वेळेवर करता ना, असं विचारलं. आनंदाने गहिवरली असावी.

९ फेब्रुवारी, रविवार.
ही रविवारी लायब्ररीत जाते, अशी माहिती होती. सव्वादहापासून दारात उभा राहिलो. विनाकारण उभं राहता येत नाही म्हणाले, म्हणून मेंबर झालो. मेंबर झाल्यावर पुस्तक घ्यावं लागलं. हाताला आलं ते घेतलं. मधमाशापालन. ही साडेबारापर्यंत आली नाही. हजारो माश्या एका राणीसाठी राबतात तरी ती एक दिवस उठून दुसरीकडे जाते, असं पान चाळीसवर आहे. पुस्तक परत करणार.

१५ फेब्रुवारी, शनिवार.
भेट झाली! बेकरीत. पाव घेऊन वळलो तर मागे ही. केस आखूड केलेत. पाहून दचकली. म्हणाली, "तुम्ही इथे कसे?"

मी म्हटलं, "चालत."

दोन आठवडे घोकून ठेवलेलं वाक्य वेगळं होतं. असो. पिशवी घेऊ का म्हटलं, तर जड नाही म्हणाली. तिच्याबरोबर गल्लीपर्यंत चाललो. फुटपाथच्या आतल्या बाजूने चल, असं फक्त पाचदा सांगितलं. कोपऱ्यावर सायकल आली तेव्हा माझा हात तिच्यासमोर आडवा गेला. ती हाताकडे बघत राहिली, सायकल निघून गेली तरी. मग हळूच तो हात बाजूला केला.

हाताला हात लागला, हे महत्त्वाचं. प्रगती समाधानकारक.

१ मार्च, शनिवार.
ताप एकशे दोन. औषधाचं दुकान तीन मिनिटं, पण उठून जाणारं कोणी असेल तर. कालपासून खिडकीतून माणसं बघतोय. सगळी चालत कुठेतरी पोचतायत.

पडून राहिलं की नको ते आठवतं. तीन वर्षांपूर्वी हिची आई गेली तो दिवस. दवाखान्यातून घरी फोन आला, लवकर या. मी परीक्षेच्या बॅचवर. माझा फोन गाडीच्या खणात. हिने अकरा वेळा लावला. अंगणात आमची दुसरी गाडी उभी होती, टाकी भरलेली, किल्ली खिळ्याला. ही त्या गाडीला वळसा घालून फाटकातून बाहेर पडली. पाच किलोमीटर चालली, मग एका दुधाच्या टेम्पोने पुढे सोडलं. पोचली तेव्हा आईच्या तोंडावरून चादर ओढून झाली होती. मी संध्याकाळी गेलो. त्या बॅचचे सगळे पास झाले, हे मी तिला तिथे सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे.

दोन हजारांवर माणसं माझ्या हाताखालून गाडी शिकून गेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आज रडलो. लिहून ठेवतो, रडलो.

२ मार्च, रविवार.
ताप उतरला. कालची नोंद तापातली आहे, धरू नये. शिवाय तीत चूक आहे. हिला मी शिकवलं होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, चार दिवस. जरा वेग आला की मी ब्रेक दाबायचो, सुरक्षितता म्हणून. चौथ्या दिवशी भर रस्त्यात ती गाडीतून उतरली आणि घरी चालत गेली. म्हणजे चालण्याची आवड तिला तेव्हापासूनच आहे. ही वस्ती तिला मानवणारच.

८ मार्च, शनिवार.
ही चहाला आली. आपणहून नाही, मी बोलावलं म्हणून, पण आली. सकाळपासून दोनदा फरशी पुसली. दुसऱ्यांदा पुसताना बादली सांडली, ती धरता तिसऱ्यांदा.

खोल्या पाहिल्या. कपाटाची रिकामी बाजू मी उघडून दाखवली, ती तिने बंद केली. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बराच वेळ उभी होती. मी फ्रिजवर लावलेला तक्ता वाचून दाखवला. बघ, औषधं तीन, पाव चार, ताई नऊ. आता काडेपेटीसाठीसुद्धा कोणाला विचारायला नको.

ही म्हणाली, "लांब होतं म्हणून नाही हो मी गेले."

मग कशाने, असं मी विचारलं. तिने कप विसळून पालथा घातला. म्हणाली, "त्या चार दिवसांत गाडी माझ्या हातात होती आणि ब्रेक तुमच्या पायाखाली. पुढची तीस वर्षंही तसंच चाललं."

मी सांगितलं की शिकवायच्या गाडीत तो दुसरा ब्रेक कायद्याने लागतो. ती हसली. खूप दिवसांनी हसली. जाताना दारात माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि तब्येतीला जपा म्हणाली.

बटण लावलं! बाकीचं बोलणं थकव्यातलं धरतो. पहिल्या मजल्याचे जिने चढून आली होती.

१५ मार्च, शनिवार.
न्हाव्याकडे. वॉकेबल वस्तीचा आणखी एक तोटा: बातमीही चालतच येते. गळ्याला कपडा बांधून झाल्यावर न्हावी म्हणाला की वहिनी सोमवार-गुरुवार सकाळी साडेसातला लायब्ररीच्या कोपऱ्यावरून कोणाच्या तरी गाडीत बसतात. सव्वाआठला परत. दुकानातून गाडीची मागची काच तेवढी दिसते, आतला माणूस दिसला नाही, काचेला ऊन होतं. अर्धी दाढी झाली होती, उठून जाता येईना.

माझा विश्वास आहे. पूर्ण विश्वास आहे. सोमवारी फक्त पायी फिरायला जाणार, तेही साडेसातलाच.

१७ मार्च, सोमवार.
पोस्टाच्या पेटीमागे उभा होतो. गाडी आली. माझीच गाडी. म्हणजे स्कूलची, मी असिस्टंटला दिलेली, छपरावर तोच पिवळा बोर्ड. असिस्टंट उतरून शेजारच्या सीटवर गेला. ही स्टिअरिंगवर बसली, आरसा स्वतःच्या उंचीला केला, मागे पाहिलं, सिग्नल दिला, निघाली. गाडी एकदाही गचकली नाही. पेटीमागे माझा पाय दाबलेला होता तो गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

१८ मार्च, मंगळवार.
असिस्टंटला गाठलं. आठ वर्षं माझ्या हाताखाली होता, माझं मीठ खाल्लं. त्याने मान खाली घातली. मॅडमनी सांगू नका म्हटलं होतं, नोव्हेंबरपासून शिकतायत, एवढं बोलला. कशी चालवते, असं मी विचारलं. विचारायचं नव्हतं.

"चांगली चालवतात, सर. मी ब्रेकवर पायच ठेवत नाही. दोन्ही पाय मागे घेऊन बसतो."

असं मी त्याला कधी शिकवलं नव्हतं.

१९ मार्च, बुधवार. पहाटे ५.
उलगडा झाला. ही गाडी का शिकते? वॉकेबल वस्तीत गाडी कशाला लागते? कारण तिला जुन्या घरी परत यायचंय! मला आश्चर्याचा धक्का देणार होती, आणि मी घर विकून बसलो. दोघांनी एकमेकांसाठी गुपचूप बेत केले आणि वाटेत चुकामूक झाली, एवढंच.

घर परत घ्यायचं.

२३ मार्च, रविवार.
बस, मग दुसरी बस, मग अडीच किलोमीटर पायी. जुन्या घरी गेलो. मालकांनी पाणी दिलं, घर दिलं नाही. भिंती पिवळ्या केल्यात. दाराशेजारचा खिळा तेवढा आहे, त्यावर कुत्र्याचा पट्टा. परत येताना बस चुकली, चालत निघालो. ही त्या दिवशी चालली तोच रस्ता. सावली कुठेच नाही. पाचव्या किलोमीटरच्या दगडावर बसलो. माझ्या पायात बूट होते. हिच्या पायात त्या दिवशी घरातल्या चपला होत्या.

६ एप्रिल, रविवार.
लेकीचा फोन. आई पास झाली, पहिल्याच फटक्यात. मी म्हटलं, होणारच. मग लेक म्हणाली की आईने जुनी छोटी गाडी घेतलीय, येत्या शनिवारी ती आजीच्या घरी राहायला जातेय. कायमची. ते घर आजी गेल्यापासून बंद आहे. इथून चाळीस किलोमीटर. तिथून जवळचं दुकान सात किलोमीटर. ते घर अजिबात वॉकेबल नाही, हे मी लेकीला दोनदा सांगितलं.

ती म्हणाली, "बाबा, अंगणातल्या गाडीची किल्ली तुम्ही शोधत होतात ना? ती आईकडे आहे. आजी गेली त्या दिवसापासून तिच्या पर्समध्ये आहे."

ती गाडी तर विकली, म्हटलं. ते तिला माहीत आहे, म्हणाली.

तीन वर्षं मी रोज त्या खिळ्यासमोरून गेलो. किल्ली नाही, हे दिसलं नाही.

११ एप्रिल, शुक्रवार.
ठरवलं: उद्या त्या बाजूला जायचं नाही. पाव आणायचा, चार मिनिटं, आणि घरी यायचं. मधमाशांचं पुस्तक परत करायचं राहिलंय, ते सोमवारी.

१२ एप्रिल, शनिवार. सकाळी ९.
पाव आणायला निघालो. लायब्ररीच्या चौकात झेब्रा क्रॉसिंगपाशी उभा राहिलो. बेकरी त्या बाजूला नाही. नुसता उभा.

गल्लीतून छोटी पांढरी गाडी आली. मागच्या सीटवर शिलाई मशीन, पट्ट्याने बांधलेलं. ही चालवत होती. शेजारची सीट रिकामी.

माझा पाय दाबला गेला, पण गाडी त्याआधीच थांबली होती. रेषेच्या वीतभर अलीकडे, धक्का न बसता. दोन हजारांत असं थांबणारे दहा निघाले नसतील.

हिने मला पाहिलं. काच खाली केली नाही. हाताने खूण केली, आधी तुम्ही. बरोबर आहे. पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला, मीच एकतीस वर्षं शिकवलंय.

पलीकडे माझं काही काम नव्हतं. ती थांबली होती, म्हणून रस्ता ओलांडला.