देवदूत व्हायला कुणी तयार नाही

प्रिय भोंग्या,

हे नाव लिहावं की नाही, या विचारात तीन कागद फाडले. मग तुझं खरं नाव लिहून पाहिलं, तर एखाद्या परक्या माणसाला अर्ज करतोय असं वाटायला लागलं. शाळेपासून तुला दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही, तेव्हा हेच राहू दे.

मी नवा खेळ सुरू करतोय आणि सूत्रधाराच्या खुर्चीत मी स्वतः बसणार आहे. बावीस वर्षं आपली वाटणी ठरलेली होती. मी घरी बसून नकाशे काढायचे, कोण कुठे राहतं, कुणाचं कुणाशी वाकडं आहे ते वह्यांत भरायचं आणि रविवारी खेळाडू टेबलाभोवती जमले की ते सगळं तू बोलून दाखवायचं. राजा तू, भिकारी तू, दारामागचा राक्षसही तूच. आठवडाभर बसस्थानकावर गाड्यांच्या वेळा पुकारून तुझा घसा कसा दमत नाही, याचं खेळाडूंना नवल वाटायचं. मी शेजारी बसून फाशांचे आकडे टिपायचो. एखादं वाक्य माझ्या तोंडात अडकलं की तू ते अलगद उचलायचास, जणू मुळात तुझंच होतं. लोकांच्या लक्षातही यायचं नाही. मला तेव्हा फार सुटल्यासारखं वाटायचं, आणि मग त्याची सवयच लागली. गेल्या वर्षी तू सारखा खाकरायला लागलास, स्थानकावरची धूळ म्हणालास, आणि मी ते मान्य करून टाकलं. मान्य करणं सोपं होतं.

या वेळचा खेळ वेगळा आहे. देवदूत आहेत, सैतान आहेत, पण स्वर्गावर हल्ला नाही, तलवारी नाहीत, पंखसुद्धा नाहीत. मध्ये एकच माणूस आहे, पूल तपासणारा निरीक्षक. एका पुलाच्या खांबाला त्याला तडा दिसलाय आणि संध्याकाळी पाचच्या आत ‘पूल ठीक आहे’ या कागदावर त्याची सही हवी आहे. वरचे साहेब वाट बघतायत. अख्खा खेळ या एका दिवसाचा, सकाळी नऊ ते पाच, त्याचा एक तास म्हणजे आपला एक रविवार. खेळाडूंपैकी काही त्याचे सैतान, काही देवदूत. सैतानांनी त्याच्या कानाशी हवं तेवढं बोलावं. देवदूतांना मात्र तोंड उघडायची परवानगी नाही. त्यांनी फक्त काहीतरी घडवायचं, तेही बारीकसं. पेनातली शाई संपवायची, लिफ्ट दोन मिनिटं अडवायची, बुटाची नाडी सोडायची म्हणजे तो वाकेल आणि तडा त्याला पुन्हा दिसेल. काय घडवायचं ते चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे सरकवायचं.

वाचनालयाच्या फलकावर मी कागद लावला: ‘रविवारच्या खेळासाठी देवदूत आणि सैतान पाहिजेत. अनुभवाची अट नाही.’ खाली फोन नंबर, माझा. फोनचं आणि माझं कसं आहे ते तुला ठाऊक आहे. चष्म्याच्या दुकानात फोन वाजला की मी मागच्या खोलीत काचा घासायचं मशीन मुद्दाम चालू करतो, म्हणजे ऐकू आलं नाही असं म्हणता येतं. तुझ्यापुरती आपली खूण होती. दोन रिंग देऊन तू ठेवायचास आणि मी निघायचो. या वेळी मात्र ठरवलं होतं की वाजेल तो प्रत्येक फोन उचलायचा. पहिल्या गृहस्थांनी माझ्या ‘नमस्कार’मधला ‘न’ पाच-सहा सेकंद ऐकला आणि लाइन खराब आहे म्हणत ठेवून दिला. दुसऱ्यांनी विचारलं, ही प्रार्थनामंडळी आहे का. नाही म्हटल्यावर विचारलं, मग तुम्ही सैतानाकडचे का. याला काय उत्तर द्यायचं ते सुचेपर्यंत तेही गेले. चौथ्या दिवशी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मुलीचा फोन आला. मी अडकलो तर म्हणाली, “सावकाश होऊ द्या काका, मी दोन मजल्यांच्या मध्ये बसलेय, वीज यायची वाट बघत. मला कुठे जायचंय?” मग एका निवृत्त मुख्याध्यापिकांचा आला. आणि तिसरे खेळाडू कोण असतील? आमच्या दुकानाचे मालक. पंधरा वर्षं त्यांनी मला काचांच्या नंबरांपलीकडे काही सांगितलेलं नाही. फलकावर माझा नंबर बघून ते मागच्या खोलीत आले आणि हळूच म्हणाले, “मला घ्याल का?”

गेल्या रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत पहिल्यांदा जमलो. आदल्या चार दिवसांत मी दोन काचा फोडल्या होत्या आणि एका बाईंच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली होती. बोलायचं सगळं लिहून नेलं होतं. उभा राहिलो आणि ‘देवदूत’मधल्या ‘द’वरच थांबलो. भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. सवयीने उजवीकडे पाहिलं, तिथे खुर्चीवर लिफ्टवालीची हत्यारांची पिशवी होती. मालक मला मदत म्हणून शब्द पूर्ण करणार तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांच्या मनगटावर बोट ठेवलं. कुणी माझ्याकडे टक लावून बघितलं नाही. किती वेळ गेला माहीत नाही, हातातला कागद घामाने मऊ झाला होता, पण तो शब्द शेवटी मीच पूर्ण केला. त्यानंतर वीसेक मिनिटं बोललो. वाईट बोललो, पण शेवटपर्यंत बोललो.

भूमिका वाटायला घेतल्या तर तिघांनाही सैतान व्हायचं होतं. बाई म्हणाल्या, पस्तीस वर्षं मुलांना नीट वागा म्हणून सांगितलं, आता जरा उलटं सांगून बघते. लिफ्टवाली दिवसभर एकटी काम करते, रविवारीही गप्प बसायचं तर घरी काय वाईट आहे, असं तिचं म्हणणं. चिठ्ठ्या सरकवायला आपण काय शाळेत आहोत का, असं मालक म्हणाले आणि बाईंकडे बघून ओशाळले. देवदूत व्हायला कुणी तयार नाही. बाईंनी विचारलं, देवदूतांना बोलू का देत नाही? मी म्हटलं, चांगल्याचं काम अवघड असावं म्हणून. बघून लिहिलेलं उत्तर पकडल्यावर शिक्षक जसे बघतात, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

खरं कारण तुला सांगतो. हा नियम वहिनी दुकानात येऊन गेल्या त्या आठवड्यातला आहे. चष्म्याचा स्क्रू सैल झालाय म्हणून त्या आल्या आणि काउंटरशी उभ्या राहून म्हणाल्या, “भावजी, यांचं स्वरयंत्र काढलं. दोन महिने झाले. कुणाला भेटत नाहीत. वही दिली तर त्यात लिहीतही नाहीत.” मी स्क्रू इतका आवळला की त्याचे आटेच गेले. तुझी कीव येऊन मी ही न बोलणाऱ्या देवदूताची जागा तयार केली असं तुला वाटेल, याची मला धास्ती आहे, म्हणून सरळ लिहितो: मला खेळाडू हवाय. बावीस वर्षं तू दर रविवारी वीस-वीस माणसं उभी केलीस. काय दिसलं की एखादा माणूस सही करता करता थबकेल, हे तुझ्याइतकं त्या खोलीत कुणालाच कळणार नाही. आणि तुलाही सैतानच व्हायचं असेल तर हो. सैतानानेही चिठ्ठ्या लिहाव्यात, नियम माझाच आहे, बदलतो. बाई कुरकुरतील, तेवढं मी सोसेन.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. वहिनी म्हणाल्या, ऑपरेशन मंगळवारी होतं. सोमवारी दुपारी साडेचारला दुकानातला फोन वाजला होता. मालक बाहेर गेले होते आणि फोनवर तुझा नंबर दिसत होता. दोन रिंगांनंतर तू ठेवला नाहीस. मी मोजल्या, चौदा वाजल्या. तुला काहीतरी बोलायचंय हे मला कळलं, आणि तेवढ्यानेच जीभ टाळ्याला चिकटली. मी आत जाऊन मशीन चालू केलं. नंतर तू रविवारी आला नाहीस तेव्हा वाटलं रागावलास. दोनदा तुझ्या जिन्यापर्यंत येऊन परत गेलो. तुझ्या आवाजातलं ते शेवटचं बोलणं माझ्यासाठी होतं, आणि ते मी ऐकलं नाही. माफी तोंडाने मागायला गेलो तर ‘म’वरच दुपार जाईल, म्हणून लिहून आणली आहे. वहिनींनी हे तुझ्या हातात दिलं असेल. मी बाहेरच्या खोलीत चपलांच्या कपाटाशेजारी स्टुलावर बसलोय. मला बघायचं नसेल तर वहिनींकडे मान हलव, मी निघेन आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येईन. त्या दिवशी काय सांगायचं होतं ते जमेल तेव्हा, जमेल तेवढं लिहून दे. नाही दिलंस तरी चालेल. तू सावकाश वाचतोस हे मला माहीत आहे. मी थांबलोय.

तुझाच,
टाइपरायटर