थप्प वाजलेला खिळा

सोमवार, ४ तारीख

लिही गं सूनबाई, आणि मी सांगते तेवढंच लिही! मला अक्षर कळत नाही, पण लेखणी जास्त चालली की बरोबर कळतं.

आज लेकानं गाडीवाल्याच्या तांबड्या घोडीला नाल ठोकले. मी दारातच होते. खिळा खुराच्या टणक कडेत गेला की टण्ण वाजतो. आत जिवंत मांसाकडे वळला की थप्प. जन्मभर नवऱ्याची हातोडी ऐकलीय मी! आज शेवटचा खिळा थप्प वाजला. म्हटलं, "उपट तो." लेक मान खाली घालून कानस घासत राहिला. आईचं कोण ऐकतं!

गुरुवार, ७

घोडी लंगडतेय. गाडीवाला दारात येऊन ओरडून गेला. लेक म्हणे, "खडीवरून पळवलीस, त्याला मी काय करू?"

शुक्रवार, ८

लेकाच्या पाठीमागे परात आपटून पाहिली. मांजर पळालं, शेजारीण धावत आली. लेक ढिम्म!

"बहिरा झालाय असं लिही" म्हटलं, तर सूनबाईची लेखणी थांबली. म्हणजे हिला ठाऊक होतं! म्हणाली, "ओठांकडे बघून बोलणं ओळखतात हो. लोकांना कळलं तर घोडा कोण आणील?"

आणि मी समजत होते, आईचं बोलणं कानाआड करतो. तेवढा वाईट नाही पोर.

मंगळवार, १२

खुरात पू झाला. गाडीवाल्यानं घोडीला गोळी घातली.

बुधवार, १३

गाडीवाला परवा दुसरा घोडा आणणार. लेकाला म्हणाला, "चार माणसांसमोर ठोक. चुकलास तर तुझ्या दारात पुन्हा कोणी जनावर बांधणार नाही!"

खूण ठरवली. मी समोर बसायचं, थप्प वाजलं की काठी जमिनीवर आडवी. लेक आधी म्हणाला, "त्यापेक्षा तू नुसती खोक." खोक म्हणे, आणि ऐकणार कोण! तिघंही हसलो. कितीतरी दिवसांनी.

शुक्रवार, १५

पुढच्या पायाचा खिळा थप्प वाजला. मी काठी आडवी ठेवली. त्यानं पाहिली. नीट पाहिली. मग जमलेल्या माणसांकडे पाहिलं— आणि मान खाली घालून पुढचा खिळा घेतला.

तेव्हा मीच ओरडले, "थांबवा त्याला! माझ्या लेकाला ऐकू येत नाही!"

त्याच्याखेरीज सगळ्यांना ऐकू गेलं.