डावं पान, उजवं पान

आर्मिडेल,
१३ नोव्हेंबर १९९४

प्रिय फर्गस,
स. न. वि. वि.

परवा बातम्यांत तुला पाहिलं. टाय वाकडा होता, त्यावरून नेरिडा माहेरी गेलेली दिसते. आईनेही पाहिलंच असणार. तिने तुला अजून फोन केला नसेल तर आज करेल.

फोन मीही करू शकले असते. पण फोनवर आपण भांडतो, आणि माझं एकही वाक्य तू पुरं होऊ देत नाहीस. म्हणून कागद घेतला.

मी इथे विद्यापीठात काय करते हे तुला मागे सांगितलं तेव्हा तू जांभई दिली होतीस, म्हणून पुन्हा सांगते. वरच्या वर्गांतल्या मुलांसाठी आम्ही एक पुस्तिका करतोय. देशात ज्यांवर वाद चालतो असे सोळा प्रश्न घेतले आहेत: बेकारी, जंगलतोड, मूळच्या लोकांचे जमिनीचे हक्क, पाणी, पूर, असे. डाव्या पानावर एखाद्या पुढाऱ्याचं जाहीर विधान, जसंच्या तसं. उजव्या पानावर त्याच प्रश्नावर अभ्यासकांचं म्हणणं. खाली शेरा नाही. काय ते मुलांनी ठरवायचं.

पुराच्या पानासाठी डॉ. युनिस व्हार्टन यांनी एक विधान निवडलं. या बाई तीस वर्षं नद्यांची पातळी मोजत आल्या आहेत. त्यांनी निवडलेलं विधान असं: ‘या बांधामागे झोपणाऱ्या माणसाने पुन्हा कधी पुराची काळजी करू नये.’ वक्ते: कॅरिक फेरीचे आमदार फर्गस गॅफ्नी.

ते तुझं बांधाच्या उद्घाटनाचं भाषण. मी त्या दिवशी दुसऱ्या रांगेत होते आणि टाळ्या वाजवत होते, हेही खरं.

उजव्या पानावर व्हार्टनबाई लिहितात की बांध शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी बांधलाय म्हणजे पुढची शंभर वर्षं निर्धास्त असं नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता आहे की पाणी त्याहून वर चढेल. तीस वर्षं त्या घरात राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती साधारण चारात एक होते. आई पंट स्ट्रीटवर राहते, फर्गस. बांधाला लागून तिसरं घर.

त्यांना आपलं नातं ठाऊक नाही. तुला आधी कळावं म्हणून लिहिलं. रागावशील, ते ठीक. पण लोभात काटछाट नको.

तुझी,
इमेल्डा

---

कॅरिक फेरी,
२१ नोव्हेंबर १९९४

प्रिय इमी,
स. न. वि. वि.

नेरिडा माहेरीच गेली आहे, आणि टायचा विषय आईने फोनवर आधीच काढलाय.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा हसू आलं नाही. तुझ्या व्हार्टनबाईंना माझा नमस्कार सांग आणि विचार की त्या कधी निवडणुकीला उभ्या राहिल्यात का. तुमच्या उजव्या पानावर ‘शक्यता’, ‘साधारण’, ‘बहुधा’ हे शब्द किती वेळा येतात, मोजून बघ. त्यांचं चुकलं तर त्या पुढच्या वर्षी नवा लेख लिहितात. माझं चुकलं तर लोक माझ्या दुकानात येऊन काउंटरवर मूठ आपटतात. आता दुकान चुलत पुतण्याकडे दिलंय, तरी आपटायला माझ्याचकडे येतात.

चौऱ्याहत्तरच्या पुरानंतर गावाचं काय झालं ते तू पाहिलं नाहीस. तू तेव्हा सिडनीला वसतिगृहात होतीस. दोन वर्षांत पंट स्ट्रीटवरची अकरा घरं रिकामी झाली. शाळेतले दोन शिक्षक गेले, मग बेकरी गेली. लोक रोज संध्याकाळी नदीवर जाऊन पाणी बघून यायचे. बांध उभा करायला मला नऊ वर्षं लागली. त्या दिवशी मंडपात बसलेल्यांना मी काय सांगायला हवं होतं? की मंडळी, चारात एक? मी धीर दिला, इमी. धीराचे टक्के काढत नाहीत.

आता मुद्द्याचं. निवडणूक मार्चअखेर आहे. तुमची पुस्तिका शाळांत जाणार, शाळेतून घरी, घरून समोरच्या पक्षाच्या पत्रकावर. गेल्या वेळी मी चारशे मतांनी निवडून आलो. दुसऱ्या कुणाचं विधान घ्या. शेजारच्या क्वीन्सलंड राज्यात असले बोलणारे ढिगाने आहेत. भाऊ म्हणून मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. तुझी सायकल सोडून, आणि तीही परत दिली.

आईला यातलं काही कळवू नकोस. तिचं ब्लड प्रेशर वाढेल आणि मग माझं.

उत्तराची वाट पाहतो. प्रेम आहे म्हणूनच इतकं लिहिलं.

तुझा,
फर्गस

---

कॅरिक फेरी,
११ डिसेंबर १९९४

चि. इमेल्डास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. भावाने सांगू नको म्हटल्यावर तू मला आठवड्याभरात चार पानं लिहिलीस, हे मला आवडलं. लहानपणीही त्याच्या चुगल्या तू अशाच शुद्ध अक्षरात करायचीस.

तुझं म्हणणं मला समजलं. मी घर सोडून टेकडीवर कॉन्व्हेंटजवळ भाड्याने राहावं. तिथे सिस्टर पेर्पेचुआ रोज सकाळी माझ्या दाराशी येऊन उभी राहील, ते तू हिशेबात धरलं नाहीस. मी आता शहात्तरची आहे. तीस वर्षांचं गणित मला सांगू नकोस, तितकी मी राहत नाही.

आणि खरं सांगू का, मला फर्गसचं पटतं. तो माझा मुलगा आहे म्हणून नाही. त्याच्या मागे इंजिनियर लोक आहेत, सरकार आहे. ते वाक्य बांधाच्या फाटकावर पितळी पाटीत कोरलंय. खोटं असतं तर कोरलं असतं का? चौऱ्याहत्तर साली चुलीपर्यंत पाणी आलं तेव्हा तुझे बाबा होते. ते गेल्यावर मी या घरात निवांत झोपायला लागले ती बांध झाल्यापासून. ते सुख तुमच्या उजव्या पानासाठी सोडू का?

पुडिंग करून मुरायला कापडात टांगलंय. नाताळला तू आणि तो एका टेबलावर बसणार आहात आणि नदीचा विषय निघणार नाही. निघाला तर दोघांनाही पुडिंग नाही.

जपून गाडी चालव. आशीर्वाद आहेतच, ते भांडणात कमी होत नाहीत.

तुझी,
आई

---

आर्मिडेल,
१९ जानेवारी १९९५

प्रिय फर्गस,
स. न. वि. वि.

काढलं. तुझं विधान काढलं. डाव्या पानावर आता क्वीन्सलंडचे एक माजी मंत्री आहेत. बोललेत जवळजवळ तुझ्यासारखंच, फक्त तुझ्याइतकं छान नाही.

व्हार्टनबाईंनी कारण विचारलं. मी म्हटलं, जुन्या मंत्र्यांचं विधान जास्त लोकांना माहीत आहे, मुलांना सोपं जाईल. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि ठीक आहे म्हणाल्या. मग जाता जाता म्हणाल्या की बांधाचा मोठा तोटा हाच, माणसं त्याच्यावर विश्वास ठेवतात. मी फायली आवरत बसले. आठ महिने मी दुसऱ्यांची वाक्यं तपासली, आणि पहिल्यांदा स्वतः खोटं बोलले तेव्हा ते किती सहज आलं, याचंच राहून राहून नवल वाटतं.

तुझ्यावर उपकार केले असं समजू नकोस. नाताळला तू आईचं ताट उचललंस, तिच्या पायाशी बसून तिच्या बुटाची नाडी बांधलीस, आणि मला वाटलं, याला मी हरवू नये. तेवढंच. पण त्या दिवसापासून मन जागेवर नाही. वर्गात शिकवता शिकवता खिडकीबाहेर ढग शोधते.

छपाई दहा मार्चला आहे. मला थँक्यू म्हणू नकोस.

इमेल्डा

---

कॅरिक फेरी,
२४ फेब्रुवारी १९९५

प्रिय इमी,
स. न. वि. वि.

आई सुखरूप आहे हे तुला फोनवर सांगितलं. बाकीचं फोनवर सांगता आलं नाही.

शुक्रवारी सकाळी वरच्या धरणाकडून खबर आली की मॅरो नदी दुपारपर्यंत बांधाच्या माथ्याला लागेल, कदाचित वरून जाईल. आपत्कालीन सेवेची नारिंगी कपड्यांतली मंडळी पंट स्ट्रीटवर घरोघरी फिरली. कुणी हललं नाही. त्यांची प्रमुख ग्लेनिस माझ्या कार्यालयात आली, नखशिखांत भिजलेली. म्हणाली की मी निघा म्हणते आणि ते मला फाटकावरची पाटी दाखवतात. तुमचं वाक्य तुम्हीच येऊन खोडा.

गेलो. एकेचाळीस घरं. प्रत्येक दारात मी म्हटलं की बांध टिकेल की नाही मला माहीत नाही, टेकडीवर चला. काहींनी ऐकलं. काहींनी विचारलं की आता निवडणुकीसाठी नवीन काय काढलंत. म्हातारा क्लॅरी प्यू दारात हात बांधून उभा राहिला. म्हणाला की मी तुला तीनदा मत दिलंय, आज तुझ्यावर विश्वास ठेवायचा तर आधी हे सांग, तू खोटं तेव्हा बोललास की आता? पाऊस तोंडावर मारत होता. मी म्हटलं, क्लॅरी, तेव्हा. त्याने आत जाऊन कुत्रा घेतला आणि निघाला.

आईकडे शेवटी गेलो. मुद्दामच. ती स्वयंपाकघरात चहा घेऊन बसली होती, रेडिओ चालू होता. मी चल म्हटलं. ती म्हणाली की तू स्वतः म्हणालास काळजी करू नये, मी करत नाहीये. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सांगितलं की आई, मी बोललो ते खरं आहे का हे मला माहीत नव्हतं. तिने विचारलं, म्हणजे चुकीचं आहे हे ठाऊक होतं? मी म्हटलं, नाही, मी विचारलंच नव्हतं. इंजिनियरांचा अहवाल दोन महिने गाडीच्या मागच्या सीटवर पडून होता. मी फोटोंची पानं चाळली आणि भाषण लिहिलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, इमी. रागाने नाही. एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तशी. मग उठली, रेडिओ बंद केला, बूट हातात घेतले आणि अनवाणीच गाडीत जाऊन बसली.

पाणी माथ्यापासून वीतभर खाली थांबलं. बांध टिकला.

आणि खरा ताप तिथून सुरू झाला. शनिवारी लोक घरी परतले आणि मला रस्त्यात मिठ्या मारायला लागले. म्हणे फर्गस, तू बरोबर होतास, बांध म्हणजे बांध. पाटी कुणीतरी पुसून चकचकीत केली आहे. सोमवारी गावच्या सभागृहात सभा झाली, त्यात मी उभा राहून म्हटलं की मी बरोबर नव्हतो, आपलं नशीब बरं होतं, दोन्हींत फरक आहे. टाळ्या थांबल्या. मागून कुणीतरी ओरडलं की मग आम्हाला उगाच पावसात टेकडीवर कशाला फरफटत नेलंस? माझ्याच प्रचारप्रमुखाने कपाळाला हात लावला.

छपाई दहा मार्चला आहे म्हणालीस. क्वीन्सलंडच्या त्या गृहस्थांना घरी पाठव. माझं वाक्य परत घाल, नावासकट, तारखेसकट. मी त्यापुढे काय म्हणालो ते जोडू नकोस. तेवढी सोय मला नको. आणि व्हार्टनबाईंना खरं कारण सांग. मला एकेचाळीस दारं लागली, तुला एकच लागेल.

तू माझ्यासाठी खोटं बोललीस, हे मी विसरणार नाही. पुन्हा मात्र बोलू नकोस. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
फर्गस

---

कॅरिक फेरी,
१४ मे १९९५

चि. इमेल्डास,
अनेक आशीर्वाद.

पुस्तिका मिळाली. फर्गसचा फोटो घालायला हवा होता, नुसत्या नावाने तो फार गंभीर वाटतो. उजवं पान मी दोनदा वाचलं. तुझ्या बाईंना सांग, लिहितात चांगलं, पण वाक्यं छोटी करा.

तीनशे अकरा मतांनी हरला, ते तुला ठाऊक आहेच. त्यातली बरीच या एका रस्त्यावरची असतील. परवा क्लॅरी प्यू मला म्हणाला की त्याने या वेळीही फर्गसलाच मत दिलं, आणि का दिलं ते या वेळी पहिल्यांदाच त्याला ठाऊक होतं. मी फर्गसला सांगितलं. त्याने मान हलवली आणि बराच वेळ हौदाच्या नळाशी खटपट करत बसला. नळ मुळीच बिघडलेला नव्हता. तो ठीक आहे असं मी म्हणणार नाही. हल्ली दुकानात पुतण्याला मदत करतो. गिऱ्हाईकाने विचारलं की हा रंग किती वर्षं टिकेल, तर पाच मिनिटं बोलतो आणि रंग विकला जात नाही.

आता माझं. मी घर विकायला काढलंय. तुझ्या गणितामुळे नाही, त्याच्या कबुलीमुळेही नाही. त्या दिवशी टेकडीवर गेल्यापासून मला इथे ती झोप लागत नाही, एवढंच.

काल एक जोडपं घर बघायला आलं. ल्यूक आणि दारिया. तिला सातवा महिना. घर त्यांना फार आवडलं. मागचं लिंबाचं झाड बघून ती तर हरखलीच. मग ओट्याला हात टेकून तिने मला विचारलं की इथे पाणी येतं का. एजंट लगेच म्हणाला की फेब्रुवारीत एवढा पूर आला, थेंब आत आला नाही. खरं तेच होतं. मला नुसती मान हलवायची होती. इमेल्डा, मान हलायलाही लागली होती. घर विकायला निघालं की माणूस कसा बोलायला लागतो ते मला त्या क्षणी कळलं, आणि फर्गसवरचा जो थोडा राग उरला होता तो गेला.

मी तिला खुर्चीवर बसवलं. सांगितलं की फेब्रुवारीत पाणी बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली थांबलं. बांध बांधणारा माझा मुलगा, तो म्हणतो मला माहीत नाही. माझी मुलगी शिकलेल्या लोकांत असते, ते म्हणतात तीस वर्षांत चारात एक. चौऱ्याहत्तर साली इथे, या चुलीपर्यंत होतं. एजंट खिडकीबाहेर बघायला लागला. दारियाने विचारलं की तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मी म्हटलं, बाळा, मी विकतेय ना.

दोघांनी चहा घेतला, दोन-दोन स्कोन खाल्ले, पिशवीभर लिंबं नेली. जाताना तिने माझा हात बराच वेळ धरून ठेवला होता. परत येतील असं वाटत नाही. एजंट आज फोन उचलत नाहीये.

तेव्हा मी अजून इथेच आहे. खबर आली की टेकडीवर जाईन, खबर नसली की स्वयंपाकघरात असेन. येशील तेव्हा ये. आशीर्वाद पत्रातून पाठवलेत, बाकीचं आल्यावर.

तुझी,
आई