जुना पासवर्ड

चाचा, आज अमरावतीत एका शाळेत कॉम्प्युटरच्या कामाला गेले, तर तिथल्या बाई घाबऱ्याघुबऱ्या मला म्हणाल्या, "मॅडम, हा मॅक कॉम्प्युटर सारखा सारखा पासवर्ड मागून राह्यला. आत कोणी घुसलं काय?" मी जुना पासवर्ड टाकायला सांगितला, पडद्यावरची पासवर्ड मागणारी चौकट गेली. त्या हसल्या. मला मात्र तुमचं दुकान आठवलं.

अकोल्यातलं तुमचं कंपोझिंगचं दुकान. तुम्ही छपाईचे शिशाचे खिळे जुळवण्यापासून सुरुवात केलेली, मॅकवर मला बसवलंत. त्या वर्षी गावोगाव माणसं जीव देत होती. घरात कोणी अबोल झालं असेल तर फोन करा, असा नंबर असलेली कार्डं आपण जुळवली होती. फाईल अमरावतीच्या छापखान्याला मेलने जायची होती, दुसऱ्या दिवशी हिवरखेडच्या बाजारात कार्डं वाटायची होती. आणि दुपारी ती चौकट उगवली. बंद केली की पुन्हा. मेल उघडला की पुन्हा.

"काहून मागून राह्यलं हे?" तुम्ही विचारलंत.

"मले नाई माईत, चाचा."

माहीत होतं. पुण्याच्या नोकरीचे अर्ज कोणी पाहू नयेत म्हणून आदल्या दिवशी मीच मॅकवरच्या दुसऱ्या खात्यातून आपल्या खात्याचा पासवर्ड बदलला होता. मॅक मेलचे वगैरे पासवर्ड ज्यात जपून ठेवतो तो किल्ल्यांचा जुडगा जुन्या पासवर्डवरच अडून बसला, एवढंच.

"कोणीतरी घुसलं आत. नेटची वायर काढ!" तुम्ही म्हणालात, आणि मी काढली. फाईल सीडीवर घेतलीत आणि दम्याचा पंप खिशात घालून निघालात. "बेटा, मी जातो अमरावतीले. कार्डं थांबली नाई पायजेत."

तुम्ही गेल्यावर मी जुना पासवर्ड टाकला. चौकट परत आली नाही. बस अजून स्टँडवरच असणार. धावले असते तर तुम्ही सापडला असता. मी खुर्चीतच बसून राहिले, घड्याळाकडे बघत.

कार्डं वेळेवर छापली गेली. त्या प्रवासाच्या दगदगीने तुम्ही तीन दिवस तापाने पडलात, आणि उठल्यावर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होता, "पोरीनं वायर काढली म्हणून वाचलो." मी मान खाली घालून अक्षरं जुळवत होते. महिन्याने पुण्याला गेले. दोन वर्षांनी तुम्ही गेल्याचं कळलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही. घडी घालून ठेवते. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुमच्या रागाला भ्याले. तसं नव्हतं, चाचा. खरं सांगितलं असतं तर तुम्ही नुसतं "जाय, बेटा" म्हणाला असता, आणि मग पुण्याला जायला माझा पाय निघाला नसता.